विटेनगेमॉट: राजाला निवडणारी सभा की राजाने बोलावलेली पंगत?

चहाबाज:
राज्यशास्त्राच्या गाइडांमध्ये ब्रिटिश राज्यघटनेच्या प्रकरणाची सुरुवात ठरलेली असते. अँग्लो-सॅक्सन काळात विटेनगेमॉट नावाची शहाण्यांची सभा होती. ती राजा निवडायची, नालायक निघाला तर काढायची, कायदे करायची, कर बसवायची, वर सर्वोच्च न्यायालयही तीच. १०६६ला नॉर्मन आले, तिचं नाव मॅग्नम कन्सिलियम झालं, आणि तिथून टुणकन उडी मारून पार्लमेंट. दोन परिच्छेदांत पाचशे वर्षं गुंडाळली.

माझे प्रश्न साधे आहेत. सभासद किती आणि त्यांना नेमायचं कोण? बैठक कुठे भरायची? मतदान व्हायचं का? राजाला कुणी 'नाही' म्हणू शकायचं का? आणि 'राजा निवडायची' यात खरं किती, पदरचं किती? जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं.

खलबत्ता:
आधी शब्द. 'विटा' हे एकवचन, 'विटान' अनेकवचन, अर्थ 'जाणता'. आपला 'विद्' धातू आणि हा शब्द एकाच मुळातले. 'गेमोट' म्हणजे जमणं, भेट. त्यामुळे 'विटान या सभेने' असं लिहिणं चूक, 'विटाननी' म्हणा. ती माणसं आहेत, संस्था नव्हे.

दुसरं, 'विटेनगेमॉट' हा पूर्ण जोडशब्द त्या काळच्या लिखाणात फार क्वचित येतो. तेव्हाचे लोक इंग्रजीत 'विटान' किंवा नुसतं 'गेमोट' म्हणत, लॅटिनमध्ये 'कन्सिलियम', 'सिनॉड' नाहीतर 'सापिएन्तेस'. १९व्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारांना पार्लमेंटचा मूळपुरुष हवा होता, त्यांनी तो क्वचितचा शब्द उचलून पाटीवर रंगवला.

टवाळखोर:
विटा म्हणजे सांगली जिल्ह्यातलं का?

(बसलो आहे शेंगदाणे घेऊन. चालू द्या.)

सनदी:
सभासद किती याचं उत्तर जमिनीच्या सनदांच्या तळाशी मिळतं, म्हणून जरा सविस्तर.

राजाने जमीन दिली की चर्मपत्राच्या एका पानावर सनद लिहिली जायची. साधारण मांडणी अशी: वर क्रॉस आणि देवाचं नाव, मग जडजंबाल लॅटिनमधलं प्रास्ताविक, मग कुणाला काय दिलं ते 'हाइड'मध्ये (एक हाइड म्हणजे एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन, ढोबळ हिशोब). जो हे दान मोडेल त्याला नरकातले शाप. जमिनीची चतुःसीमा मात्र लॅटिन सोडून इंग्रजीत, कारण ती पायी फिरून दाखवणाऱ्यांना कळायला हवी. मग तारीख, ठिकाण, आणि शेवटी साक्षीदार.

उदाहरण घ्या: १२ नोव्हेंबर ९३१, डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या हद्दीजवळचं लिफ्टन. राजा अ‍ॅथेलस्टन आपल्या वुल्फगार नावाच्या थेनला (थेन म्हणजे राजसेवेतला जमीनदार) विल्टशरमधलं हॅम गाव देतो. मूळ पान आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. खाली साक्षीदार राजासकट शंभरच्या घरात. आधी राजा, मग हायवेल आणि इदवाल हे दोन वेल्श राजे (त्यांना 'उपराजे' म्हटलंय), मग कँटरबरी आणि यॉर्कचे आर्चबिशप, बिशप, एल्डरमन (लॅटिनमध्ये 'डक्स', एका किंवा अनेक शायरांचा म्हणजे परगण्यांचा कारभारी), अ‍ॅबट, आणि सगळ्यात मोठा गठ्ठा थेनांचा (लॅटिनमध्ये 'मिनिस्टर'). त्या वर्षांच्या सनदांतल्या डक्सांमध्ये गुथ्रम, ऊर्म, स्कूले अशी डॅनिश वळणाची नावं आहेत. म्हणजे उत्तर-पूर्वेकडच्या डेन मुलखातली माणसं पार नैर्ऋत्येच्या टोकाला हजर.

आता ही यादी वाचताना कुठे पाय घसरतो ते सांगतो.

नावापुढचा क्रॉस त्या माणसाने स्वतः काढलेला नसतो. बहुतेक वेळा नाव आणि क्रॉस दोन्ही लेखनिकाचेच. त्यामुळे 'बिशपचं हस्ताक्षर' वगैरे शोधायला जाऊ नये.

बऱ्याच सनदांचं मूळ पान गेलंय, मठाच्या नोंदवहीतली नंतरची नक्कल उरलीय. नक्कल करणाऱ्या भिक्षूला जमिनीशी मतलब, साक्षीदारांशी नाही. पहिली आठदहा नावं उतरवून 'आणि इतर पुष्कळ' असं लिहून तो जेवायला गेला. अशा नकलेवरून 'सभेला दहाच माणसं होती' म्हणणं म्हणजे फसणं.

मूळ पानावर नावं रकान्यांत असतात, वरून खाली वाचायची. नक्कलकाराने डावीकडून उजवीकडे वाचली की थेन बिशपांच्या मध्ये घुसतो आणि सगळा मानक्रम विस्कटतो.

एकाच यादीत चारचार वुल्फरिक आणि अ‍ॅल्फरिक असतात. कोणता कोण ते शेजारच्या नावांवरून, सलग दहापंधरा वर्षांच्या याद्या ओळीने लावून ठरवावं लागतं.

आणि बनावट सनदा. त्या पकडायची सोपी युक्ती म्हणजे तारीख आणि साक्षीदार जुळवणं. मेलेला आर्चबिशप सही करत असेल तर सनद नंतर 'तयार' केलेली.

शेवटची मेख. ९२८ ते ९३५च्या सनदा लिहिणारा लेखनिक एकच होता. त्याचं नाव हरवलंय, अभ्यासक त्याला 'अ‍ॅथेलस्टन अ' म्हणतात. दिवस, ठिकाण आणि लांबलचक यादी देण्याची हौस त्याची. तो गेल्यावर याद्या आखूड होतात, ठिकाणं गळतात. सभा लहान झाल्या असा अर्थ काढू नका, लेखनिक बदलला.

चहाबाज:
दंडवत. म्हणजे कायमचा सभासद असा कुणी नाहीच? आज बोलावलं तर आलो, उद्या नाही?

सनदी:
कायम म्हणावं तर बिशप आणि एल्डरमन. पद आहे तोवर बोलावणं येणारच. थेनांत मात्र फरक. काही नावं वीसवीस वर्षं जवळजवळ प्रत्येक यादीत आणि वरच्या बाजूला, काही एकदाच. एकदाच येणारा बहुधा सभा भरली त्या भागातला.

बायका कमी, पण आहेत. राजा एडमंड आणि एड्रेड यांची आई एडगिफू मुलांच्या सनदांवर बिशपांच्याही वर साक्ष देते. राजा एडगरची राणी अ‍ॅल्फथ्रिथही याद्यांत दिसते.

आडवातिडवा:
सगळं मान्य, पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. बोलावणार राजा. जागा राजाची. जेवण राजाचं. आलेला प्रत्येक थेन राजाच्या जमिनीवर जगणारा, प्रत्येक एल्डरमन राजाने नेमलेला. ही सल्लागार सभा नव्हे, हा दरबार.

उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्यात येव्हरिंगला उत्खननात लाकडी पायऱ्यांची पाचरीच्या आकाराची बैठक सापडली, ७व्या शतकातली. आधी साधारण दीडशे माणसांची, मग वाढवून तीनशेची. रांगा मागे रुंद होत जातात, पुढे निमुळत्या, आणि समोर एक छोटा चौथरा. सगळ्या बाकांची तोंडं एका माणसाकडे. अशा ठिकाणी चर्चा होत नाही, ऐकणं होतं.

ओसरी:
@आडवातिडवा, मग ७५७चं काय करायचं? अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात स्वच्छ लिहिलंय की किनेवुल्फ आणि वेसेक्स या दक्षिणेकडच्या राज्याच्या विटाननी राजा सिगेबर्टचं राज्य 'अन्यायी कृत्यांमुळे' काढून घेतलं, हॅम्पशर तेवढं त्याच्याकडे ठेवलं. तिथे त्याने शेवटपर्यंत सोबत राहिलेल्या कुम्ब्रा नावाच्या एल्डरमनलाच मारलं, तेव्हा किनेवुल्फने त्याला वील्डच्या जंगलात हाकललं. पुढे प्रिव्हेटच्या ओढ्याकाठी एका डुकरं राखणाऱ्याने त्याला भोसकून कुम्ब्राचा सूड घेतला. राजाला पदावरून काढल्याची लेखी नोंद आहे की नाही?

आडवातिडवा:
वाक्य पुन्हा वाचा. 'किनेवुल्फ आणि विटाननी'. आणि पुढचा राजा कोण झाला? किनेवुल्फ! हा सत्तापालट आहे हो, जाणत्यांना सोबत घेतलं की त्याला ठराव म्हणायचं. शिवाय हे इतिवृत्त ८९०च्या दशकात आल्फ्रेडच्या काळात संकलित झालं, घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी.

ओसरी:
सत्तापालट, कबूल. पण सव्वाशे वर्षांनी लिहिणाऱ्यालाही 'विटानसह' हे शब्द घालावेसे वाटले. नुसतं 'मारून राज्य घेतलं' म्हटलं असतं तर चाललं नसतं, यातच आलं काय ते.

बरं, ते सोडा. १०१४ बघा, तिथे पळवाट नाही. डेन्मार्कच्या स्वेनने देश जिंकला, इंग्लंडचा राजा एथेलरेड नॉर्मंडीला पळाला. ३ फेब्रुवारी १०१४ला स्वेन मेला. डॅनिश सैन्याने त्याच्या मुलाला, क्न्यूटला, राजा केलं. इकडे विटाननी एथेलरेडला निरोप धाडला की आपल्या जन्मजात धन्याइतका प्रिय आम्हाला कुणी नाही, पण आधीपेक्षा न्यायाने राज्य करणार असशील तर. त्या 'तर'मध्ये सगळं आहे. एथेलरेडने आपला मुलगा एडवर्ड याला दूतांसोबत पाठवून कबूल केलं की ज्याचा तुम्हाला राग होता ते सगळं सुधारीन, माझ्याविरुद्ध जे केलंत-बोललात ते माफ करीन, फक्त सगळ्यांनी एकदिलाने माझ्याकडे यावं. दोन्ही बाजूंनी शब्द आणि आणाभाका झाल्या, मग वसंतात राजा परतला. इंग्लंडचा राजा आणि प्रजा यांच्यात अटी घालून झालेला हा पहिला नोंदलेला करार. निवडणूक नाही, पण दरबारही नाही.

टवाळखोर:
थोडक्यात 'झालं गेलं विसरून जाऊ, पण या वेळी नीट नांदव'. माहेरच्या बैठकीतली भाषा आहे ही.

खलबत्ता:
टवाळखोर +१. एथेलरेडचं टोपणनाव 'अनरेड' याच धाग्यात बसतं. 'एथेलरेड' म्हणजे 'उत्तम सल्ला', 'अनरेड' म्हणजे 'नसलेला किंवा वाईट सल्ला'. नावावरची कोटी आहे ती. इंग्रजीत पुढे त्याचं 'अनरेडी' झालं आणि लोक 'तयारी नसलेला राजा' असं भाषांतर करू लागले. दोष तयारीचा नव्हता, सल्ल्याचा होता.

भातुकली:
कुणी जेवणाचं विचारलंच नाही. आडवातिडवा म्हणतात 'जेवण राजाचं', पण ते यायचं कुठून?

वेसेक्सचा राजा इने (६८८ ते ७२६) याच्या कायद्यातलं ७०वं कलम बघा. दर १० हाइडमागे द्यायचा शिधा असा: मधाची १० भांडी, ३०० पाव, १२ अंबर वेल्श एल (एक प्रकारची बिअर), ३० अंबर साधी एल ('अंबर' हे माप), २ मोठ्या गायी किंवा १० खच्ची मेंढे, १० गीज, २० कोंबड्या, १० चीज, एक अंबरभर लोणी, ५ सामन, २० पौंड चारा आणि १०० वाम. याला 'फेऑर्म' म्हणत. पुढे डोम्सडे नोंदींत (११व्या शतकातल्या जमीन-पाहणीत) राजाच्या काही गावांवर 'एका रात्रीचा फेऑर्म' असाच आकार लिहिलेला सापडतो, म्हणजे राजा आणि लवाजम्याच्या एका मुक्कामाचा खर्च.

आता लिफ्टनची शंभर नावं घ्या. प्रत्येकामागे तीन नोकर धरले तरी चारशे तोंडं. ३०० पाव म्हणजे एका वेळचा घासही नाही. चारपाच दिवसांच्या सभेला दहादहा हाइडचे कितीतरी गट कामाला लागणार. घोड्यांच्या चाऱ्याचा हिशोब वेगळाच. म्हणून राजा फिरता राहायचा आणि सभा राजाच्या मोठ्या गावांत भरायच्या, जिथे कोठारं भरलेली असत. ख्रिसमस, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सोयीचे मुहूर्त, बिशपांना तसंही मोठ्या सणाला राजाजवळ असायचं असतंच.

इमारती मात्र छोट्या. चेडरला १०व्या शतकात सभा भरत, ९४१, ९५६, ९६८च्या सनदांत त्याचं नाव येतं. तिथल्या उत्खननातला सर्वांत जुना लाकडी दिवाणखाना साधारण २४ मीटर लांब आणि सहाएक मीटर रुंद. मोठ्या मंगल कार्यालयाचं स्टेज असतं त्यापेक्षा फार मोठा नाही.

सनदी:
भातुकलीताई, सुरेख. अंतराचाही एक नमुना देतो. ९३४ साली अ‍ॅथेलस्टन स्कॉटलंडवर निघाला. २८ मेला विंचेस्टरची सनद, ७ जूनला नॉटिंगहॅमची. दहा दिवसांत अख्खी सभा फौजेसोबत अर्धा देश चालून गेली, आणि वाटेत जमिनी देणं चालूच.

टवाळखोर:
इमारतींचा विषय निघालाय तर काल्नचा उल्लेख व्हायलाच हवा. ९७८. वरच्या मजल्यावर सभा भरली होती आणि मजला कोसळला! इंग्लंडचे झाडून सगळे मोठे जाणते खाली. कुणाचे हातपाय मोडले, काही मेले. आर्चबिशप डन्स्टन तेवढा एका तुळईवर उभा राहिला. स्ट्रक्चरल ऑडिट नाही, दुसरं काय.

ओसरी:
हे इतिवृत्तात खरंच आहे. संदर्भ असा की ९७५ला एडगर वारल्यावर मठांना दिलेल्या जमिनींवरून भांडण पेटलं होतं. मठवासी भिक्षूंचा पक्ष एकीकडे, त्यांनी ज्यांना हुसकावलं ते विवाहित पाद्री आणि त्यांचे पाठीराखे सरदार दुसरीकडे. नंतरच्या संतचरित्रांनी अर्थातच याचा चमत्कार केला, देवाने डन्स्टनला वाचवलं आणि विरोधक पाडले. इतिवृत्तात विरोधकच पडले असं काही नाही, 'सगळे प्रमुख जाणते' पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये कॉर्फला तरुण राजा एडवर्डचा खून झाला, त्यामुळे ते वर्ष एकूणच वाईट.

पिंपळपान:
वाचते आहे. एक शंका: अष्टप्रधान मंडळाशी तुलना करता येईल का?

आडवातिडवा:
नाही. अष्टप्रधानांत आठ ठरलेली खाती, ठरलेली नावं. इथे खातं कुणाकडेच नाही. आर्चबिशप कर ठरवताना बसतो आणि थेन चर्चच्या उपवासाचा ठराव ऐकतो. तुलना करायचीच तर आपल्याकडच्या महजराशी करा: गोतसभेत निवाडा झाला की खाली हजर लोकांची नावं आणि निशाण्या, पाटलाचा नांगर वगैरे. कोण होतं हे लिहिणं हाच निकालाचा कणा.

सनदी:
महजराची तुलना पटली, पण फक्त कागदाच्या रूपापुरती. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही.

ओसरी:
'चर्चा होत नाही, ऐकणं होतं' याला कायद्यांतूनच उत्तर आहे.

अ‍ॅथेलस्टनच्या ग्रेटलीच्या कायद्याप्रमाणे १२ वर्षांवरच्या चोराला ८ पेनींहून जास्त माल घेऊन रंगेहाथ पकडलं तर सोडायचं नाही, म्हणजे फाशीच. नंतर राजाने व्हिटलबरीच्या सभेत जाणत्यांसमोर बोलून दाखवलं की इतक्या लहान पोरांना इतक्या थोड्यासाठी मारणं क्रूर आहे, आणि देशभर असंच चाललेलं आपल्या कानावर आलंय. मग ठरलं की १५ वर्षांखालच्याला मारू नये, अपवाद फक्त प्रतिकार केला किंवा पळाला तर, आणि मालाची मर्यादा १२ पेनी. हा निरोप राजाने बिशप थिओड्रेडच्या हाती आर्चबिशपला पाठवला. आपल्याला हे कळतं कारण लंडनच्या 'शांतता मंडळी'ने स्वतःच्या नियमांच्या शेवटी ते लिहून ठेवलं. राजाच्या कचेरीतून आलेला कागद नव्हे, ऐकणाऱ्यांनी केलेली नोंद.

सभेचा खरा उपयोग इथे दिसतो. राजाकडे पगारी नोकरशाही नव्हती. ग्रेटलीत ठरलेलं यॉर्कजवळच्या खेड्यात लागू करणारे हात म्हणजे एल्डरमन, बिशप आणि राजाचे रीव्ह म्हणजे स्थानिक कारभारी. तेच समोर बसलेले नसतील तर कायदा हवेत. एडगरच्या एका कायद्यात तर सांगितलंय की याच्या पुष्कळ प्रती लिहून एल्डरमन अ‍ॅल्फहेरे आणि एल्डरमन एथेलविने यांच्याकडे पाठवा, त्यांनी त्या सगळीकडे पाठवाव्यात, गरीब-श्रीमंत सर्वांना कळावं म्हणून. म्हणजे राजाला त्यांचा 'हो' लागायचा. कागदावर नसेल, पण लागायचा.

आडवातिडवा:
हा मुद्दा चांगला आहे, मागे घेतो अर्धं. पण मग १०१० बघा. डॅनिश फौज देश जाळत फिरतेय, सगळ्या विटानना राजाकडे बोलावलं, देशाचं रक्षण कसं करायचं ते ठरवायला. इतिवृत्तकार म्हणतो की तेव्हा काही ठरलंच असेल तर ते महिनाभरही टिकलं नाही. हात समोर बसले होते, हलले नाहीत.

आणि खंडणीचे आकडे: ९९१ला १०,००० पौंड, ९९४ला १६,०००, १००२ला २४,०००, १०१२ला ४८,०००. इतिवृत्तात बहुतेक ठिकाणी 'राजाने आणि विटाननी ठरवलं' असंच. पैसे देण्याबाबत एकमत लगेच व्हायचं.

टवाळखोर:
१००९ विसरलात. बाथच्या सभेत ठरलं की देशाने मायकेलमसच्या (२९ सप्टेंबरचा सण) आधीचे सोमवार, मंगळवार, बुधवार फक्त पाव, भाजीपाला आणि पाण्यावर काढायचे आणि अनवाणी चर्चला जायचं. समोर थॉर्केल या डॅनिश सरदाराची फौज. कृती समितीची निष्पत्ती: उपास.

ओसरी:
हसा, पण तो मसुदा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याच्या हातचा. त्याच्या लेखी आक्रमण हा पापाचा परिणाम होता, त्यामुळे उपवास हीच संरक्षणव्यवस्था. त्यानेच पुढे क्न्यूटचेही कायदे लिहिले. राजा बदलला, मसुदाकार तोच. सातत्य शोधायचं तर इथे शोधा.

पिंपळपान:
न्यायदानाचं काय? सगळे खटले सभेपुढे?

सनदी:
मोठ्या लोकांचे, जमिनीचे आणि राजद्रोहाचे. पण रचना फार सैल. दोन नमुने देतो.

फॉन्टहिलच्या जमिनीच्या तंट्याबद्दल एका एल्डरमनने आल्फ्रेडचा मुलगा राजा एडवर्ड याला लिहिलेलं पत्र उरलंय. हेल्मस्टनने कुणाचा तरी पट्टा चोरला, त्यावरून लोक त्याच्या जमिनीवर तुटून पडले. निवाडा नेमलेल्या काही जणांनी केला, पण एकाला तो पटेना. म्हणून सगळे राजा आल्फ्रेडकडे वॉर्डरला गेले. राजा आतल्या खोलीत उभा राहून हात धूत होता. हात धुऊन झाल्यावर त्याने विचारलं, हा निवाडा तुला न्याय्य का वाटत नाही? सर्वोच्च न्यायालय बहुधा असंच चालायचं, हात पुसता पुसता.

दुसरा: ९९०च्या सुमारास विनफ्लेड नावाच्या बाईचा लिओफविनशी जमिनीचा वाद. तिने राजापुढे साक्षीदार उभे केले, त्यांत कँटरबरीचा आर्चबिशप आणि खुद्द राजाची आई. लिओफविनने आधी शायरच्या सभेत जायचा हट्ट धरला. राजाने ऐकलं! आपली मुद्रा शायरसभेला पाठवली आणि तिथे जमलेल्या सगळ्या 'विटान'ना नमस्कार कळवला. म्हणजे शायरच्या पातळीवरही तोच शब्द.

चहाबाज:
आता मूळ प्रश्नाकडे. राजाची निवड?

ओसरी:
राजघराण्यातला पुरुष हवा, ही पहिली चाळणी. मेलेल्या राजाची इच्छा ही दुसरी. त्यातूनही दोघेतिघे उरले की मोठ्या लोकांचं वजन. इतिवृत्त 'निवडलं' म्हणतं, पण त्या क्रियापदात 'स्वीकारलं'ही येतं. मतं मोजल्याची नोंद कुठेच नाही.

१०३५ घ्या. क्न्यूट १२ नोव्हेंबरला शाफ्ट्सबरीला मेला. ऑक्सफर्डला सभा. अर्ल लिओफ्रिक (एल्डरमनला आता 'अर्ल' म्हणत), थेम्सच्या उत्तरेचे जवळजवळ सगळे थेन आणि लंडनचे नौसैनिक क्न्यूटच्या एका मुलाच्या, हॅरॉल्डच्या, बाजूने. अर्ल गॉडविन आणि वेसेक्सचे लोक विरोधात, जमेल तितका वेळ. शेवटी मधला मार्ग निघाला: विधवा राणी एम्मा आपल्या मुलाच्या, हार्थक्न्यूटच्या, सैनिकांसह विंचेस्टरला राहील. तो डेन्मार्कमध्ये अडकून पडला, आणि दोन वर्षांत सगळे हॅरॉल्डकडे. सभेत जे ठरलं ते ज्याचे सैनिक जवळ होते त्याच्या बाजूने वळलं.

१०६६ तर कॅलेंडरचा खेळ. ख्रिसमसला सगळे वेस्टमिन्स्टरला जमलेलेच होते, २८ डिसेंबरला नव्या अ‍ॅबीचा समर्पणविधी झाला. ५ जानेवारीला राजा एडवर्ड (एथेलरेडचा तोच मुलगा) गेला, ६ला दफन आणि त्याच दिवशी गॉडविनच्या मुलाचा, हॅरॉल्डचा, राज्याभिषेक. एडवर्ड ऑगस्टमध्ये मेला असता तर माणसं गोळा करायलाच किती दिवस गेले असते. रक्ताने जवळचा होता तो एडगर (आधीचा राजा एडगर नव्हे), पोरसवदा. हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन विल्यम जिंकल्यावर लंडनमध्ये त्यालाच निवडलं, आणि थोड्याच आठवड्यांत बर्कमस्टेडला सगळे, एडगरसकट, विल्यमला शरण.

आडवातिडवा:
१०५१ही जोडा. गॉडविनचं राजा एडवर्डशी बिनसलं होतं; तो सभेपुढे यायला तयार होता, ओलीस आणि सुरक्षित वाटेची हमी मागत होता. ती नाकारली, पाच दिवसांत देश सोडायला सांगितलं. पुढच्या वर्षी जहाजं घेऊन परत आला, लंडनबाहेर 'मोठी सभा' भरली, तिने त्याला निर्दोष ठरवलं आणि आर्चबिशप रॉबर्टला बाहेर काढलं. जवळपास तेच विटान. मधे फक्त जहाजं आली.

चहाबाज:
आणि पार्लमेंटची आजी?

सनदी:
विल्यमने १०८५चा ख्रिसमस ग्लॉस्टरला केला. पाच दिवस दरबार, मग पाद्र्यांचा तीन दिवस वेगळा सिनॉड म्हणजे धर्मसभा. त्यानंतर, इतिवृत्ताच्या शब्दांत, राजाने आपल्या विटानशी 'फार खोल बोलणं' केलं. डोम्सडे पाहणी त्या बोलण्यातून निघाली. शब्द तोच, रिवाजही तोच, पण बाकांवर आता नॉर्मन, आणि येण्याचं कारण राजाकडून धरलेली जमीन. डोम्सडेत मोठ्या जहागिरदारांत इंग्रज म्हणावे असे जेमतेम दोनचार, आर्डनचा थर्किल, लिंकनचा कोल्सवेन. आजी म्हणा, पण वाडा तोच आणि माणसं सगळी नवी.

भातुकली:
सनदीजी, तुमच्या लिफ्टनच्या सनदेत चतुःसीमा इंग्रजीत आहे म्हणालात. वाचण्यासारखं काही?

सनदी:
आहे तर! हॅमच्या सीमेत 'बेओवाच्या कुंपणा'जवळून जायचं आणि पुढे 'ग्रेंडेलचं तळं' लागतं. बेओवुल्फ काव्यातला राक्षस तिथे शेताच्या बांधावर बसलाय. त्या काव्याच्या अभ्यासकांनी या एका ओळीवर किती शाई घातली असेल.

पिंपळपान:
शेवटची शंका. ते वेल्श राजे 'उपराजे' म्हणून सही करतात, म्हणजे त्यांनी मांडलिकत्व मान्य केलं?

सनदी:
लेखनिकाने त्यांना उपराजे लिहिलं, एवढं नक्की. १३ सप्टेंबर ९३४ला बकिंगहॅमच्या सनदेत स्कॉटांचा राजा कॉन्स्टंटाइनही 'उपराजा' म्हणून अ‍ॅथेलस्टनच्या लगेच खाली आहे, ९३५ला सिरेनसेस्टरलाही. ९३७ला हाच कॉन्स्टंटाइन डब्लिनच्या नॉर्स राजासोबत फौज घेऊन ब्रुननबर्गच्या मैदानात अ‍ॅथेलस्टनसमोर उभा होता.

टवाळखोर:
आणि क्रॉसही त्याने स्वतः काढलेला नव्हता, लेखनिकाने काढला होता!